टीव्हीच्या मागची केबल कोणती घ्यायची? पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या घरांसाठी माहिती

दिवाळीचा बोनस हातात आला की पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या अनेक घरांत मोठ्या टीव्हीचा विषय निघतो. कुणी ईदच्या आधी घेतं, कुणी घराला रंग दिल्यावर. टीव्ही ठरवायला सगळं घर चार दुकानं फिरतं, हप्त्याचा हिशोब करतं, मेहुण्याला फोन लावून मशवरा घेतं. शेवटी बिल करताना काउंटरवरचा मुलगा विचारतो, “केबल कोणती देऊ? साधी की फोर-केवाली?” आणि तिथे आपण गप्प बसतो. तो जी देईल ती घेतो.

यात दोन प्रकारे नुकसान होतं. दोन-तीनशे रुपयांच्या केबलने जे काम झालं असतं, त्यासाठी कुणी दोन हजार मोजतो. याउलट कुणी चाळीस हजारांच्या टीव्हीला ड्रॉवरमधली जुनी केबल लावतो. मग चित्र मध्येच काळं पडतं आणि टीव्हीच खराब निघाला म्हणून सर्व्हिस सेंटरच्या खेपा सुरू होतात. या लेखात केबलची निवड घरच्या गरजेप्रमाणे कशी करायची ते पाहू.

आपल्याकडे केबल बदलली कशी

पूर्वी एकच काळी वायर असायची. ऑपरेटरच्या खांबावरून ती खिडकीतून आत यायची आणि थेट टीव्हीत जायची. मग सरकारने केबल टीव्ही डिजिटल करण्याचा कार्यक्रम टप्प्याटप्प्याने राबवला. दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि त्यात पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवडचंही नाव होतं. मुदत होती ३१ मार्च २०१३. चाकणसारख्या भागांची पाळी पुढच्या टप्प्यांत आली. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंत आणखी एक केबल लागू लागली.

सुरुवातीला ती पिवळी-पांढरी-लाल अशी तीन पिनांची होती. पिवळ्या पिनेतून चित्र जातं, पांढऱ्या आणि लाल पिनेतून डाव्या-उजव्या बाजूचा आवाज. ही केबल आजही चालते, पण चित्र जुन्या दर्जाचंच देते. एचडी चित्र तिच्यातून जात नाही. अनेक घरांत एचडी बॉक्स आहे, एचडी टीव्ही आहे, महिन्याला एचडीचे पैसेही जातात, आणि मध्ये ही पिवळी पिन लावलेली असते. असं असेल तर आज घरी गेल्यावर आधी हेच तपासा.

एचडीएमआय म्हणजे काय

आता जवळपास सगळीकडे एचडीएमआय केबल चालते. हिताची, पॅनासोनिकची मूळ कंपनी मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी मिळून ती आणली. तिचं पहिलं तांत्रिक मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. तिच्या तोंडात १९ पिना असतात. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून डिजिटल रूपात जातात.

या केबलचे मुख्य प्रकार चार. फरक इतकाच, की एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते.

१. स्टँडर्ड: जुना प्रकार. ७२०पी किंवा १०८०आय चित्रापुरता. आता नवीन घेऊ नये.

२. हाय स्पीड: सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंत. फुल एचडीसाठी आरामात पुरतो. फोर-के चित्रही नेतो, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत.

३. प्रीमियम हाय स्पीड: १८ गिगाबिटपर्यंत. फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने, एचडीआर रंगांसह.

४. अल्ट्रा हाय स्पीड: ४८ गिगाबिटपर्यंत. फोर-के १२० फ्रेम किंवा एट-के. मुख्यतः नव्या गेमिंग कन्सोलसाठी. याच्याही वरची ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा ९६’ श्रेणी २०२५ मध्ये जाहीर झाली आहे, पण आपल्या घरातल्या टीव्हीला तिची गरज नाही.

फोर-के ला जास्त क्षमता का लागते? फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के वर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. बरोबर चौपट. ठिपके चौपट झाले की रस्ताही तितका रुंद लागतो.

महाग केबलने चित्र सुंदर होतं का?

नाही. दुकानात सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

जुन्या पिवळ्या पिनेच्या काळात केबल चांगली असली तर चित्र थोडं साफ यायचं, कारण तो सिग्नल ॲनालॉग होता. एचडीएमआयमध्ये शून्य आणि एकचे आकडे जातात. ते नीट पोचले तर चित्र जसं आहे तसं दिसतं. नीट पोचले नाहीत तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळं होतं, आवाज तुटतो किंवा ‘नो सिग्नल’ असं येतं. केबल बदलल्यामुळे रंग जास्त गडद झाले, चेहरे उजळले असं होत नाही. दोनशेची केबल नीट चालत असेल तर तिथे दोन हजारांची लावून डोळ्यांना काहीही फरक दिसणार नाही.

सोन्याच्या मुलाम्याचंही तसंच. सोनं गंजत नाही, त्यामुळे पिन दमट हवेत टिकते. एवढाच त्याचा फायदा. साध्या केबललाही बहुतेक वेळा हा मुलामा असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचं कारण नाही.

आपल्या पट्ट्यात कितीतरी जण गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या कामावर आहेत. त्यांना हे पटकन कळेल. हार्नेस चांगला कशामुळे होतो? तांब्याची जाडी, क्रिंपिंग, शिल्डिंग आणि कनेक्टर घट्ट बसणं. बाहेरच्या रंगीत जाळीमुळे नव्हे. टीव्हीच्या केबललाही हाच नियम लावा. एक गोष्ट लक्षात ठेवा. वायरचा गेज आकडा जितका लहान, तितकं तांबं जाड. ३० गेजपेक्षा २६ गेजची वायर जाड असते. दीड मीटरला बारीक वायर चालते, लांब केबलला जाड हवी.

पॅकेटवर काय वाचायचं

पॅकेटवर मोठ्या अक्षरात ‘एचडीएमआय २.०’ किंवा ‘२.१’ लिहिलेलं असतं आणि दुकानदारही तसंच सांगतो. खरं तर हे आकडे उपकरणांच्या मानकाचे आहेत. केबलवर असे आवृत्तीचे आकडे छापू नयेत असा एचडीएमआयच्या परवाना संस्थेचाच नियम आहे. केबलची ओळख वर दिलेल्या श्रेणीच्या नावावरून करायची.

प्रीमियम आणि अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या पॅकेटवर स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने ते स्कॅन केलं की केबल खरी आहे की नाही आणि कोणत्या कंपनीची आहे ते समजतं. ‘८के’, ‘अल्ट्रा एचडी’, ‘प्रो’ असे शब्द कुणीही छापू शकतो. लेबल नसेल तर त्या शब्दांना किंमत देऊ नका.

शिवाय बंद पॅकेटवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, आयात माल असेल तर कोणत्या देशातला, आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. वजनमापाच्या कायद्याखालचे पॅकेटबंद मालाचे नियम हे सांगतात. यातलं काहीच नसलेली पिशवीतली केबल स्वस्त दिसते, पण बिघडली तर विचारायचं कुणाला?

लांबी: मोजा, मग घ्या

घरून निघण्याआधी टेपने मोजा. बॉक्स जिथे ठेवणार तिथून टीव्हीच्या पोर्टपर्यंतचं अंतर, वळणांसह. त्यात अर्धा मीटर वाढवा. बहुतेक घरांत दीड किंवा दोन मीटर पुरतं. “असू दे, पुढे लागेल” म्हणून पाच मीटरची घेतली तर पैसेही जास्त जातात आणि गुंडाळा टीव्हीमागे लोंबकळत राहतो.

लांबी वाढली की सिग्नल कमकुवत होतो. साध्या तांब्याच्या केबलचा ढोबळ हिशोब असा: अल्ट्रा हाय स्पीडसाठी तीन मीटरपर्यंत निश्चिंत राहावं, प्रीमियमसाठी पाच मीटरपर्यंत, आणि फुल एचडीसाठी चांगली जाड केबल दहा मीटरपर्यंत चालून जाते. त्यापुढे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी.

हे जास्त करून मदरसा, जमातखाना किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावताना लागतं. फायबरच्या केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते लॅपटॉपकडे. दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, ते प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर चित्र येत नाही. छतातून ओढून झाल्यावर ही चूक कळली तर सगळं काम परत करावं लागतं. म्हणून आधी जमिनीवर पसरून, लावून, चालू करून बघा, मगच पाइपात घाला. आणि फायबर तीव्र कोनात मोडू नका.

कोणत्या घराला कोणती केबल

सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही, इतकंच असेल: दीड मीटरची हाय स्पीड. बॉक्ससोबत आलेली केबल चालत असेल तर नवीन घेऊच नका. बॉक्स जुन्या एसडी दर्जाचा असेल तर एचडीएमआय केबल लावल्याने त्याचं चित्र एचडी होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

फोर-के टीव्ही आणि फोर-के स्टिक: स्टिक थेट पोर्टमध्ये बसते. जागा अडचणीची असेल तर सोबत येणारी छोटी जोड-केबल वापरा. वेगळी केबल लागत नाही.

फोर-के बॉक्स: प्रीमियम हाय स्पीड.

पीएस-५ सारखा कन्सोल: अल्ट्रा हाय स्पीड. ती खोक्यातच येते. सेकंडहँड घेत असाल तर मूळ केबल मागून घ्या. टीव्ही १२० हर्ट्झचा नसेल तर या श्रेणीचा फायदा नाही, प्रीमियमच पुरते.

फक्त स्मार्ट टीव्ही, सगळं वायफायवर: एकही एचडीएमआय केबल लागत नाही. दुकानदाराने ‘कॉम्बो’त टाकली असेल तर बिलातून काढायला सांगा.

फोर-के जोडल्यावर एक सेटिंग बघायला विसरू नका. बऱ्याच टीव्हींत पोर्ट पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी ते मेनूतून चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. हे बंद असेल तर केबल कितीही भारी असली तरी चित्र अडखळतं किंवा रंग कमी येतात.

आवाज: दादीला ऐकू यावं, नाइट शिफ्टवाल्याची झोप मोडू नये

बारीक टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली असतात, त्यामुळे बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं. घरातल्या वयस्करांना बातम्या, तिलावत किंवा हजच्या दिवसांतलं अराफातचं थेट प्रक्षेपण नीट ऐकू येत नाही आणि आवाज तीसवरून पन्नासवर जातो. साउंडबार लावला तर फरक पडतो. तो जोडताना टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय, त्यातच केबल घाला. दुसऱ्या पोर्टमध्ये घातली तर टीव्हीचा आवाज साउंडबारला जाणार नाही.

त्यासोबत टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू करा. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणतो, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. मग एकाच रिमोटने टीव्ही आणि साउंडबार दोन्ही चालतात. दादीच्या हातात दोन रिमोट द्यावे लागत नाहीत. एआरसीसाठी साधी हाय स्पीड केबल पुरते. टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकलची बारीक केबल वापरता येते. साध्या टीव्ही-बातम्या-सिनेमासाठी तिचा आवाज पुरेसा चांगला असतो, पण रिमोट मात्र दोन राहतात.

दुसरी अडचण आपल्या पट्ट्याची खास. अब्बा किंवा मोठा भाऊ तिसऱ्या शिफ्टवरून सकाळी परततो आणि झोपतो. वन-रूम किचनमध्ये त्याच वेळी मुलांची शाळा सुटून टीव्ही सुरू होतो. यासाठी टीव्ही घेतानाच बघा की हेडफोनची जागा किंवा ब्लूटूथ आहे का. दोन-तीन मीटरची हेडफोनची जोड-वायर अगदी स्वस्त मिळते. झोप न झालेला माणूस रात्री मशीनवर उभा राहतो तेव्हा त्यात धोका असतो. म्हणून ही छोटी वायर यादीत पहिली लिहावी.

जुना टीव्ही, लॅपटॉप आणि मोबाइल

जुन्या डब्बा टीव्हीला नवा बॉक्स किंवा स्टिक लावायची असेल तर ‘एचडीएमआय ते एव्ही’ कन्व्हर्टर लागतो. ही छोटी डबी असते आणि तिला वीज द्यावी लागते. नुसती एका बाजूला एचडीएमआय आणि दुसऱ्या बाजूला तीन पिना असलेली वायर मिळते, ती चालत नाही. डिजिटलचं ॲनालॉग करायला मध्ये सर्किट हवंच. आणि दिशा नीट सांगा. ‘एव्ही ते एचडीएमआय’ ही उलटी डबी आहे. दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून चुकून दुसरी घेतली जाते.

जुन्या कॉम्प्युटरची निळी, १५ पिनांची व्हीजीए केबल १९८७ पासून आहे. तिच्यातून आवाज जात नाही. त्यासाठी वेगळी वायर लागते. डीव्हीआयचं चित्र मात्र साध्या जोडणीने एचडीएमआयमध्ये जातं, कारण दोन्हींचा डिजिटल सिग्नल सारखाच असतो.

मुलांच्या अभ्यासासाठी मोबाइल टीव्हीला जोडायचा असेल तर जपून. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय असावी लागते. आयफोन १५ पासून पुढे आणि सॅमसंगच्या एस मालिकेसारख्या महागड्या फोनमध्ये ती असते. कमी बजेटच्या बहुतेक फोनमध्ये नसते. ज्याच्याकडून केबल घेणार त्यालाच आपल्या फोनवर चालवून दाखवायला सांगा, नाहीतर वायफायवरून स्क्रीन टाका. ते फुकट आहे.

डिशची केबल, पावसाळा आणि वीज

डिशपासून बॉक्सपर्यंत येणारी गोल केबल ७५ ओहमची आरजी-६ असावी. आरजी-५९ त्याहून बारीक, जुन्या कॅमेऱ्यांच्या कामाची. डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, तो बारीक केबलमध्ये जास्त विरतो. टोकाचा कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एकही तार मधल्या तांब्याला लागता कामा नये. ‘पाऊस आला की चॅनेल जातात’ या तक्रारीमागे बऱ्याचदा ढग नसून गच्चीवरचा उघडा जोड असतो. जोडावर टेप किंवा रबरी टोपी हवी. खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल आणि घरात शिरणार नाही.

वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की नुसत्या विजेच्या वायरीतूनच नाही, तर डिशच्या किंवा केबलवाल्याच्या वायरीतूनही दाब आत येतो आणि एचडीएमआय पोर्ट जळतो. म्हणून नुसता प्लग काढून भागत नाही, बॉक्सची गोल केबलही काढावी. हे आभाळ भरून आलं की आधीच करा. गडगडाट डोक्यावर आल्यावर कोणत्याही वायरीला हात लावू नका.

टीव्हीच्या मागे हात लावल्यावर हलकी झिणझिण जाणवते, ती बरेचदा दोन पिनांच्या पॉवर सप्लायची असते. पण झटका जोराचा असेल तर ते टाळण्यासारखं नाही. भाड्याच्या खोल्यांत, पत्र्याच्या घरांत अर्थिंगची वायर कुठेतरी तुटलेलीच असते. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि घरमालकाला सांगा. कोणतीही एचडीएमआय केबल लावताना-काढताना दोन्ही उपकरणांचा स्विच बंद ठेवा. विजेची एक्स्टेन्शन वायर आणि प्लग आयएसआय खुणेचाच घ्या. चित्राच्या केबलपेक्षा आगीचा धोका या वायरीत जास्त असतो.

भिंत, पट्टी आणि लहान मुलं

स्वतःचं घर बांधत असाल किंवा फ्लॅटचं काम सुरू असेल तर टीव्हीच्या जागी भिंतीतून रुंद पाइप टाका. एचडीएमआयचं डोकं रुंद असतं, ते साध्या बारीक पाइपाच्या वळणात अडकतं. ३२ मिलीमीटर किंवा त्याहून मोठा पाइप घ्या आणि आत एक मजबूत दोरी सोडून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी केबल बदलायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. केबल कधीही थेट प्लास्टरमध्ये गाडू नका. विजेची वायर वेगळ्या पाइपातून न्या.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही. तिथे केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी उत्तम. स्वस्त पडते आणि घर सोडताना काढून नेता येते.

लोंबकळणारी केबल नुसती वाईट दिसते असं नाही. रांगणारं मूल ती ओढतं, आणि टेबलावर नुसता ठेवलेला टीव्ही पुढे येऊन अंगावर पडतो. घरात लहान मूल असेल तर टीव्ही भिंतीला पक्का बसवा किंवा पट्ट्याने मागे बांधा आणि केबल मुलाच्या हाताच्या वर राहील अशी न्या. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर केबल दाबून मोडू नका. काटकोनात वळणारा जोड मिळतो, तो लावा.

चित्र येत नसेल तर, नवीन केबल घेण्याआधी

१. रिमोटवरून बरोबर इनपुट निवडलाय का बघा.
२. सगळं बंद करून केबल दोन्ही टोकांना काढून परत घट्ट लावा.
३. टीव्हीचा दुसरा पोर्ट वापरून पाहा.
४. शेजाऱ्याची चालू असलेली केबल आणून लावा. चाललं तर दोष केबलचा.
५. तीच केबल दुसऱ्या टीव्हीवर चालत असेल तर दोष पोर्टचा किंवा सेटिंगचा.
६. ‘एचडीसीपी’ असा शब्द पडद्यावर आला तर तो केबलचा दोष नसतो. मधला स्प्लिटर किंवा जुना ॲम्प्लिफायर फोर-के च्या सुरक्षा नियमाला चालत नाही. तो काढून थेट जोडा.

खरेदी कुठे आणि कशी

पिंपरी कॅम्पात, भोसरीत, निगडीत आणि चाकणच्या बाजारात साध्या केबल सहज मिळतात. लांब केबल, कन्व्हर्टर, कनेक्टर यांत जास्त पर्याय हवे असतील तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहे. सप्टेंबर २०२४ पासून पीसीएमसीहून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाते, मंडई स्थानकावर उतरलं की हा भाग जवळ आहे. दुकानातल्या टीव्हीवर लावून बघायला सांगा. पक्कं बिल घ्या, त्यावर केबलची श्रेणी आणि लांबी लिहून घ्या. टीव्हीसोबत महाग केबल घेण्याची सक्ती होत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. फसवणूक झाली आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण त्यासाठी बिल हातात हवं.

जुन्या केबल फेकू नका. चालत असतील तर शेजारच्या गरजवंताला किंवा मदरशाला द्या. खराब झालेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. भंगाराच्या धंद्यात आपलेच कितीतरी भाऊ आहेत. त्यांनाही एक सांगणं: तांबं काढायला केबल जाळू नका. वरच्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. तो जाळणाऱ्याच्या आणि शेजारच्या मुलांच्या छातीत जातो. सोलून काढलेल्या तांब्याला भावही चांगला मिळतो.

दुकानात जाण्याआधी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: काय कशाला जोडायचंय, टीव्ही फुल एचडी की फोर-के, अंतर किती मीटर, आणि टीव्हीला एआरसी पोर्ट आहे का. ही चिठ्ठी काउंटरवर ठेवली की “कोणती देऊ?” या प्रश्नाला गप्प बसायची वेळ येणार नाही. वाचलेले पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना किंवा पुढच्या हप्त्याला उपयोगी पडतील.